पानामागचे कोळी

कोथरूड, पुणे
१२ जून २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

मी सुखरूप पोचले. तू दिलेल्या कोकमाच्या आगळाच्या बाटलीचं झाकण कुंभार्ली घाटात सैल झालं, त्यामुळे माझे तीन कुर्ते आता कायमचे गुलाबी आहेत. पण पानं वाचली. आईचा प्रश्न, "कुर्ते वर ठेवायचे की पानं?" मी म्हटलं, पानं. तिने कपाळाला हात लावला.

तूही विचारत होतीस ना, एवढी शिकून ही मुलगी पानांची पाठ कसली बघत बसते म्हणून? तर ऐक. हे कोळी जाळं विणणारे नव्हेत. हे टाचणीच्या टोकाएवढे असतात आणि पानाच्या मागच्या बाजूला, शिरांच्या बेचक्यात राहतात. त्यातले काही पानाचा रस पितात, ती कीड. आणि काही त्या किडीला खातात, ते माझे. शेतात नि बागेत लोक फवारे मारतात, त्यात माझेही मरतात. म्हणून जिथे कोणी काही फवारत नाही अशा जागी माझे किती प्रकारचे कोळी टिकून आहेत, हे मला शोधायचंय. पीएचडी त्यावरच आहे. तुमच्या उंडखारच्या किनाऱ्यावर उंडी, करंज, केवडा, निर्गुडी आणि मर्यादवेल या पाचांवर मिळून मला मे महिन्यात नऊ प्रकार मिळाले. नऊ! आमचे सर सहसा कशाने खूश होत नाहीत. नऊ ऐकून ते चष्मा पुसायला लागले.

आता काम तुझ्याकडे. पावसाळ्यात आणि नंतर हे कोळी तिथे राहतात का, हे पाहायचंय आणि कॉलेजातली प्रात्यक्षिकं माझ्या गळ्यात आहेत, मला निघता येणार नाही. तू तेव्हा शेजारच्या बाळंतिणीपाशी अडकली होतीस, त्यामुळे मी पानं कशी घेते ते तू पाहिलं नाहीस, पण अवघड काही नाही. जुलैपासून दर महिन्याला एकदा प्रत्येकाची दहा-दहा पानं, वेगवेगळ्या पिशवीत. चिठ्ठीवर झाडाचं नाव आणि तारीख. संध्याकाळच्या पुणे गाडीत पार्सल टाकायचं. धम्मदीपदादा खराडीला ऑफिसला जायच्या आधी स्वारगेटवरून उचलून आणेल. तोंड वाकडं करेल, पण आणेल.

फोन करत नाही. तुला रेंजसाठी पुलावर जावं लागतं आणि तिथे अर्धं गाव कान देऊन उभं असतं. पत्रच बरं.

तुझी,
चैताली

*

उंडखार, जि. रत्नागिरी
४ जुलै २०२४

चि. चैताली,
जय भीम आणि आशीर्वाद.

पाचही पिशव्या सोबत आहेत. मोजून घे. पन्नास पानं.

चौतीस वर्षं उपकेंद्रात नर्स होते. हिवतापाच्या दिवसांत एकेका गावातून दीडदीडशे जणांच्या रक्ताच्या काचपट्ट्या घेतल्या. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेने माझा एकही नमुना कधी परत पाठवला नाही. म्हणून तू हे काम मला सांगितलंस ते बरं केलंस. निवृत्त झाल्यापासून लोक मला नुसते नमस्कार करतात, काम कोणी सांगत नाही.

तुझे रुग्ण तपासले. उंडी धडधाकट. केवडा दोनदा चावला. मर्यादवेल वाळूत लोळत असते, तिच्यापाशी बसावं लागतं आणि मग उठायला कोणाचा तरी हात लागतो. करंजाच्या पानांवर मात्र गोवर आल्यासारखे फोड आहेत. ते संसर्गाचे असतील म्हणून त्याची जरा जास्त काळजी घेतली.

पाऊस झोडपतोय. तू जेवत जा.

तुझी,
आत्या

*

कोथरूड
२१ जुलै २०२४

प्रिय आत्या,
जय भीम.

पार्सल मिळालं. पिशव्या इतक्या नीट होत्या की सर म्हणाले, "हे कोणी बांधलं? आपल्या विभागात असं कोणी नाही." चिठ्ठ्यांवरचं तुझं अक्षर बघून बाकीच्या मुलांना लाज वाटावी म्हणून मी त्या टेबलावर मांडून ठेवल्यात.

पावसात कोळी थोडे कमीच असतात, तेव्हा या खेपेला फारसं काही नव्हतं. सरांनाही तसंच अपेक्षित होतं. तू काळजी करू नकोस, नेहमीसारखंच पाठव.

करंजाचे फोड संसर्गाचे नाहीत. त्यांच्या आत पानाचा रस पिणारे कोळी राहतात. तुला काही होणार नाही.

काल नारायण पेठेत कोळी उचलायला सगळ्यात बारीक ब्रश आणायला गेले होते. दुकानदाराने माझ्याकडे न बघता विचारलं, "रंगवायचं काय आहे, मुंगीच्या भुवया?" मी म्हटलं, कोळ्याच्या. तेव्हा त्याने पहिल्यांदा वर पाहिलं.

तुझी,
चैताली

*

उंडखार
७ ऑगस्ट २०२४

चि. चैताली,
जय भीम.

दुसरी खेप पाठवते आहे. करंज अजून फोडांनी भरलेलाच, पण संसर्गाचं नाही म्हणालीस, बरं झालं. तरी मी माझ्या पद्धतीनेच घेते. सवय आहे.

एक काम कर. इथल्या दुकानात स्पिरिट मिळत नाही आणि माझी बाटली तळाला गेली आहे. कापूस भरपूर आहे. कोणी येणार असेल तर दोन बाटल्या पाठव.

उपकेंद्रात मैना नावाची नवी नर्स आली आहे. चांगली आहे, पण घाई फार करते. दर दोन दिवसांनी माझ्याकडे काही ना काही विचारायला येते आणि मी सांगितलेलं निम्मं ऐकून पळते.

तुझी,
आत्या

*

कोथरूड
२६ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,
जय भीम.

दोन नाही, चार बाटल्या पाठवल्यात. दादाच्या ऑफिसातला श्याम गुहागरला घरी चालला होता, त्याच्याकडे दिल्या. म्हणजे अजूनही गावातल्या सगळ्यांची खरचटलेली ढोपरं तूच पुसतेस! मैनाला काही काम ठेव की.

नमुने पोचले. ठीक आहे सगळं. सर ऑक्टोबरच्या शेवटी कामाचा आढावा घेणार आहेत, त्याची तयारी चालू आहे. फार लिहीत नाही, उद्या प्रात्यक्षिकाची परीक्षा आहे.

तुझी,
चैताली

*

उंडखार
१४ सप्टेंबर २०२४

चि. चैताली,
जय भीम.

तिसरी खेप घे. स्पिरिट मिळालं, दोन वर्षं पुरेल.

आता मी विचारते त्याचं सरळ उत्तर दे. मे महिन्यात तू जेवायला बसलीस की एकेका कोळ्याचं वर्णन करायचीस. कोणाला किती केस, कोणाची पाठ कशी. भाकरी गार व्हायची. आता तुझ्या दोन पत्रांत एकही आकडा नाही. "ठीक आहे सगळं" एवढंच. मी बायकांना इतकी वर्षं पाहिलंय, ज्या "ठीक आहे" म्हणतात त्यांचाच ताप आधी मोजायचा असतो.

काय झालंय?

तुझी,
आत्या

*

कोथरूड
२ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

जुलैत शून्य. ऑगस्टमध्ये शून्य. सप्टेंबरमध्ये शून्य. एकही शिकारी कोळी नाही, एकाही पानावर नाही. जुलैत मी समजले, पावसाने धुऊन गेले असतील. ऑगस्टमध्येही तेच म्हटलं. पण सप्टेंबरच्या खेपेआधी तुमच्याकडे आठवडाभर उघडीप होती हे मी हवामान खात्याच्या आकड्यांत पाहिलं. तरी पानं लख्ख. साधी धूळसुद्धा नाही.

तुला सांगितलं नाही, कारण केवडा चावत असताना तू पानं काढतेस, वाळूत बसतेस, आणि मी तुला सांगणार की यातून काही निघालं नाही? मला ते जमलं नाही.

आता स्पष्ट सांगते काय अडलंय ते. सर म्हणाले, "चैताली, आपण कोळ्यांवर प्रबंध लिहायला निघालो होतो, आता कोळ्यांच्या गैरहजेरीवर लिहितोय." ३१ ऑक्टोबरच्या आढाव्यात किनाऱ्याचा भाग उभा राहिला नाही तर तो सोडून द्यायचा आणि पुण्यातल्या बागांवर नव्याने सुरुवात करायची. म्हणजे हे अख्खं वर्ष गेलं. मी वाक्यसुद्धा लिहून ठेवलंय, "पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या वनस्पतींवर शिकारी कोळी टिकत नाहीत." ते वाक्य माझं मलाच खरं वाटत नाही, आणि वर सही माझी होणार.

एकच गोष्ट मला छळतेय. करंजाचे फोड फोडून पाहिले तर आत रस पिणारे कोळी जिवंत आहेत. म्हणजे माझ्या कोळ्यांना खायला आहे. फोडांच्या आत सगळं शाबूत आणि बाहेर काहीच नाही, असं कसं? शेजारच्या आंबेवाल्यांनी काही फवारलं का? वाऱ्याने ते इकडे आलं का?

तू घरातून निघाल्यापासून पार्सल गाडीत टाकेपर्यंत काय काय करतेस, ते अगदी बारीकसारीक लिहून पाठवशील? कदाचित त्यात काही सापडेल.

चैताली

*

उंडखार
७ ऑक्टोबर २०२४

चि. चैताली,

तू मला सांगितलं नाहीस याचा राग आहे, तो नंतर. आधी विचारलंस ते.

आंबेवाल्यांनी काही फवारलेलं नाही. मी स्वतः जाऊन विचारून आले.

मी सकाळी चहा झाला की निघते. पिशवीत कात्री, दोरा, चिठ्ठ्या, कापूस, स्पिरिट. झाडापाशी गेले की बाटलीतल्या पाण्याने हात धुते. मग पान निवडायचं, ते फांदीवरच असताना. बोळा स्पिरिटमध्ये भिजवायचा. पान आधी वरून आणि मग पाठीमागून पुसायचं, देठाकडून टोकाकडे, एकाच दिशेने. मागेपुढे घासायचं नाही. शिरांच्या बेचक्यात मळ धरतो, तिथे बोळ्याचं टोक फिरवायचं. करंजाला दोन बोळे. वाळू द्यायचं, मग कापायचं. जागा पुसल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. ताप आलेल्या माणसाचं बोट मी असंच पुसायची, आणि नंतरच

इथवर लिहून उठले. पाणी प्यायले. तुझं जूनचं पत्र काढून पुन्हा वाचलं. तू लिहिलंयस, शिरांच्या बेचक्यात राहतात.

चैताली, तुझे कोळी मी पुसून टाकले गं.

तीन महिने. एकेक पान धरून, दोन्ही बाजूंनी. कोणी घाईगर्दीने काम केलं असतं तर तुझं वर्ष वाचलं असतं, मी नीट केलं म्हणून गेलं. आणि स्पिरिट तुझ्याकडूनच मागवलं. मला आता काय लिहावं कळत नाही. जेवण केलं होतं, ते झाकून ठेवलंय.

वापरलेला बोळा मी किनाऱ्यावर कधी टाकला नाही. एका रुग्णाचा दुसऱ्यात मिसळायचा नाही म्हणून प्रत्येक झाडाचे बोळे गोळ्यांच्या रिकाम्या डबीत, झाकण घट्ट लावून, वर चिकटपट्टीवर झाड आणि तारीख घालून ठेवलेत. पंधरा डब्या झाल्या. पावसात जाळता येत नव्हतं, म्हणून माळ्यावर होत्या. आता उघडलंय, तेव्हा या दोन-चार दिवसांत खड्डा करून सगळं जाळून टाकते. मला त्या डोळ्यांसमोर नकोत.

तुझ्या सरांना सांग, चूक माझी आहे. तुला बोलू नका म्हणावं.

आत्या

*

उंडखार
१२ ऑक्टोबर २०२४

चि. चैताली,
जय भीम.

परवा दुपारी परसात खड्ड्यापाशी होते. खड्डा कधीच खणून झाला होता, पण खालून पाणी झिरपत होतं आणि तीन दिवस मी ते डब्याने उपसत होते. डब्या शेजारी ओळीने लावलेल्या. तेवढ्यात मैना कुंपणावरूनच ओरडत आली, "बाई, जाळू नका! उपकेंद्रात पुण्याहून फोन आलाय, काही जाळू नका!" चपला हातात, धापा टाकत. मी म्हटलं, "आधी श्वास घे, मग सांग." ती म्हणाली, "चैतालीताई म्हणाल्या, बोळ्यांत आहेत. सगळे बोळ्यांतच असतील."

मी तशीच खाली बसले. त्या पोरीने मला उठवलं, डब्या उचलून घरात नेल्या आणि मोजल्या. पंधरा. मैना घाई करते असं मी लिहिलं होतं, ते खोडून टाक.

कापसात ते नासले नसतील ना? मला यातलं काही कळत नाही. पण स्पिरिटमध्ये पूर्वी आमच्याकडे नमुने टिकायचे, हे मला माहीत आहे, आणि झाकणं मी घट्ट लावते.

आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी विहारात जाऊन आले. वंदनेला बसले होते, पण लक्ष डब्यांत होतं. पंधराही डब्या आणि ऑक्टोबरची पन्नास पानं आजच्या गाडीने पाठवली आहेत. पानं न पुसता घेतली. पहिलं पान कापताना हात अडला होता. मैनाने शेजारी उभं राहून "पुसू नका, बाई, पुसू नका" असं पन्नास वेळा म्हटलं.

वर्ष वाचलं की नाही, एवढंच कळव. बाकी काही लिहू नकोस.

आत्या

*

कोथरूड
२६ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,
जय भीम.

वाचलं! आत्या, वाचलं!

आता बाकीचंही लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. पहिली डबी उघडली ती सप्टेंबरची, करंजाची. बोळा बशीतल्या पाण्यात पिळला, तंतू तंतू सोडवले, पाणी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. मी आधी डोळे मिटून घेतले. मग उघडले. सात कोळी, माझे, पायांसकट, केसांसकट, कालच पकडल्यासारखे. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या प्रयोगशाळेतले धावत आले. त्यांना वाटलं आग लागली.

दहा दिवस मी नुसता कापूस पिंजत होते. दादा मला पाहून म्हणाला, "करिअर चेंज केलंस का, गाद्या भरणार?" पण रोज संध्याकाळी खराडीहून येताना तो पहिला प्रश्न आकड्याचाच विचारायचा. पंधरा डब्यांत मिळून शिकारी कोळ्यांचे तेरा प्रकार निघाले. मे महिन्यातल्या नवातले आठ त्यात आहेत. जुलैत कमी, सप्टेंबरात भरपूर. आणि तू न पुसता पाठवलेल्या पानांवर त्यातलेच दहा मिळाले, काही तर जिवंत, पळत होते. म्हणजे ते गेलेच नव्हते. सगळा पावसाळा तिथेच होते. ते खोटं वाक्य मी काल खोडलं.

तुझ्या डबीवर झाड आणि तारीख नसती तर यातलं काहीच कामाचं नव्हतं. कचऱ्याच्या डबीवर तारीख घालणारी दुसरी बाई मला माहीत नाही.

सरांना मी सगळं जसं झालं तसं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "ऑपरेशनच्या आधी कोळ्यांची अशी तयारी आजवर कोणी केली नसेल." आणि मग ते हसले. मी त्यांच्या हाताखाली दोन वर्षं आहे, पहिल्यांदा हसताना पाहिलं. पुढे त्यांनी बजावलं की पानं पुसली गेली, बोळ्यांतून कोळी काढले, हे सगळं प्रबंधात जसंच्या तसं यायला हवं. बोळ्यात प्रत्येक कोळी येईलच असं नाही, तेव्हा पुढच्या पावसाळ्यात न पुसलेल्या पानांवर पुन्हा मोजणी करायची. पण आढावा त्यांनी आजच मान्य केला. किनारा राहतोय.

प्रत्येक कोळी आता काचपट्टीवर कायमचा ठेवला जाईल. पट्टीला चिठ्ठी लागते, त्यावर गाव, झाड, तारीख आणि नमुना घेणाऱ्याचं नाव. सगळ्या पट्ट्यांवर तुझं नाव आहे, आत्या. चिठ्ठ्या मी हाताने लिहिल्या, पण अक्षर तुझ्यासारखं येत नाही.

तू जेवतेस ना?

तुझी,
चैताली

*

उंडखार
३० ऑक्टोबर २०२४

चि. चैताली,
जय भीम आणि खूप आशीर्वाद.

तुझं पत्र मी पोस्टमनसमोरच फोडलं. पहिली ओळ वाचली आणि दारातच रडायला लागले. त्या बिचाऱ्याला वाटलं कोणी गेलं. मी त्याला आत बोलावून चहा दिला आणि कोळ्यांची सगळी हकीगत सांगितली. तो "हो, हो" म्हणत होता, त्याला काही कळलं नसावं. मग मैना आली, तिला सांगितली. ती नाचली. दोघींनी मिळून भाकऱ्या केल्या, सुकटीची चटणी केली आणि मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. छातीवरचं ओझं उतरलं आहे.

चूक प्रबंधात लिहायची म्हणतात तर तुझे सर योग्य माणूस आहेत. बिनधास्त लिही. पुसली कोणी, तेही लिही. काचपट्टीवर माझं नाव असेल तर चुकीपुढेही माझंच हवं.

आता तो राग. तो मी विसरलेले नाही. मला वाईट वाटू नये म्हणून तू तीन महिने गप्प राहिलीस. जुलैत एक ओळ लिहिली असतीस, "आत्या, पानांवर काही नाही," तर मी त्याच दिवशी विचारलं असतं, "पुसून घेते ते बरोबर ना?" आणि सगळं तिथेच संपलं असतं. तुझी झोप गेली नसती, माझं जेवण गेलं नसतं. तुझा बापही असाच आहे. लहानपणी खोक पडली की माझ्यापासून झाकून ठेवायचा, मी ओरडेन म्हणून. ती चिघळायची आणि मग मला दुप्पट त्रास.

बाळ गेलं हे आईला सांगणं, बापाला सांगणं, हे माझं काम होतं चैताली. डॉक्टर निघून जायचे, सांगायला मी उरायची. मला सांगता येतं आणि मला ऐकताही येतं. तू मला जपायला जाऊ नकोस. पुढच्या पावसाळ्यात माझ्या पिशव्यांतून शून्य निघालं, तर पत्राच्या पहिल्या ओळीत शून्य लिहायचं.

तुझी,
आत्या